घरी रंगवलेलं सूत, बाळंतविडा आणि चार लडींच्या चार छटा

अबोली_जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी,

नणंदेचं बाळंतपण दिवाळीच्या सुमाराला आहे, पुण्यात. बाळंतविडा मी स्वतः विणून द्यायचा असं ठरवलंय. एक दुपटं, एक टोपडं आणि वेळ उरला तर झबलं. तान्ह्या बाळाच्या अंगाला सूतच हवं, आणि सोलापुरात राहून सूत बाहेरगावाहून मागवायचं हे मला पटेना. म्हणून इथल्याच व्यापाऱ्याकडून २/२० चं कोरं सूत लडीत आणलं. रंगही घरीच केला, डाळिंबाच्या सालीचा. आमच्या कोपऱ्यावरचा ज्यूसवाला साली टाकूनच देतो. त्या मागून आणल्या आणि गच्चीवर कडकडीत वाळवल्या.

कृती अशी: सूत धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून स्वच्छ धुतलं. साली वजनानं सुताइतक्याच, रात्रभर भिजवून सकाळी तासभर उकळल्या, गाळल्या. त्या पाण्यात सूत, मग तुरटीच्या पाण्यात, मग पुन्हा सालीच्या पाण्यात. पातेलं स्टीलचं. ते लहान असल्यानं शंभर शंभर ग्रॅमच्या चार लडी वेगवेगळ्या दिवशी रंगवल्या.

रंग मला फार आवडलेत, पण चारही वेगळे आहेत. पहिली लडी पिवळीधमक, दुसरी तशीच पण जरा फिकी, तिसरी खाकीकडे झुकलेली, चौथी सरळ शेवाळी. दुपटं विणताना मध्येच पट्टा बदलल्यासारखं दिसू नये यासाठी काय करता येईल? बाळ दुपट्याचं टोक चोखणारच, तर हा रंग चालेल ना? आणि धुऊन धुऊन किती टिकेल?

कडकभाकरी

काय करलालाव ताई, एकदम भारी! साल सोलापूरची, सूत सोलापूरचं, आता बाळ तेवढं पुण्याचं. फोटो टाका की.

सुईवाली

बाळंतविडा हाताने विणणारं कोणी उरलंय हे वाचूनच बरं वाटलं. वाचतेय.

उलटसुलट

अबोली, छटा वेगळ्या येणं हे हातानं रंगवलेल्या सुताचं लक्षणच आहे, त्यामुळे त्यावर उपायही जुने आणि पक्के आहेत. एकाच पाण्यात एकाच वेळी रंगवलेल्या दोन लडीसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. कारखान्यातल्या गुंड्यांवर म्हणून तर लॉट नंबर छापलेला असतो.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे दोन लडी एकदम चालू ठेवायच्या. दोन ओळी एका लडीतून, पुढच्या दोन दुसरीतून, असं शेवटपर्यंत. धागा तोडायचा नाही, कडेनं वर न्यायचा, फक्त ओढून घट्ट करायचा नाही. लांबून बघितलं तर डोळा दोन्ही रंग मिसळून घेतो. तुमच्याकडे चार आहेत, तर आधी पहिली-दुसरी, मग दुसरी-तिसरी, मग तिसरी-चौथी अशी जोडी बदलत गेलात तर पिवळ्यापासून शेवाळीपर्यंत रंग सावकाश उतरत जाईल. असं दुपटं फार देखणं दिसतं.

विणीबद्दल माझा आग्रह आहे. हातरंगाईच्या सुतावर जाळीची नक्षी किंवा वेण्या घालू नका. रंगाच्या चढउतारात नक्षी दिसत नाही आणि मेहनत वाया जाते. त्यातून बाळाच्या दुपट्याला जाळी नकोच, बोटं अडकतात. दोन्ही बाजूंनी सगळे टाके सुलटे घाला. कापड जाड, मऊ आणि सपाट येतं, कडा वळत नाहीत. थोडी गंमत हवी असेल तर साबुदाण्याची वीण, म्हणजे एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीत बरोबर त्याच्या उलट.

आणि कृपा करून आधी नमुन्याचा तुकडा विणा, चार इंची तरी. तो धुवा, वाळवा, मगच माप घ्या. सूत धुतल्यावर आपला आकार बदलतं, लोकरीसारखं पुन्हा आखडत नाही. त्याच तुकड्यावर रंगाचीही परीक्षा होऊन जाईल.

रसायनी

वस्त्ररसायनात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आधी एक प्रश्न. चारही वेळा पाणी एकच होतं का?

अबोली_जुळे_सोलापूर

@उलटसुलट, ताई, खूप आभार. साबुदाण्याची वीण पक्की.

@रसायनी, नाही. पहिल्या दोन लडी नळाला पाणी आलं त्या दिवशी केल्या. पुढचं पाणी यायला अवकाश होता, म्हणून तिसरी आणि चौथी बोअरच्या पाण्यात.

रसायनी

मग बहुतेक तिथेच आहे ते. डाळिंबाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. टॅनिनला लोह भेटलं की रंग काळपट, हिरवट, करडा होतो. जुनी शाई याच तत्त्वावर बनायची. बोअरच्या पाण्यात लोह थोडं जरी असलं तरी पिवळ्याचा खाकी व्हायला पुरतं. पातेलं स्टीलचं होतं म्हणून बरं. लोखंडी कढईत केलं असतं तर चौथी लडी काळीच निघाली असती.

खात्री करायला घरगुती परीक्षा आहे. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात वेगवेगळा कोरा चहा करा, दूध न घालता. चहातही टॅनिन असतं. बोअरच्या पाण्यातला चहा शाईसारखा काळवंडला तर लोह आहे असं समजा. हिरड्याची पूड असेल तर चिमूटभर टाकून बघा, ती आणखी स्पष्ट सांगते.

तुमची कृती मात्र चांगली आहे. नुसत्या तुरटीला सुती धागा फारसा धरत नाही. लोकर आणि रेशीम धरतात, कारण ते प्राणिज तंतू. सुताला आधी टॅनिन द्यावं लागतं, त्यावर तुरटी बसते, तुरटीवर रंग. हिरडा हे काम पूर्वापार करत आला आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन आणि रंग दोन्ही आहे, म्हणून ती सुताला इतकी मानवते.

मुळामुठा

जरा विषयांतर. मी पण कांद्याच्या सालीत वूलचा गुंडा रंगवायला घेतला होता. दोन तास उकळला. पाणी नारिंगी, गुंडा पांढरा तो पांढराच! तुरटी घातली होती. काय कमी पडलं?

उलटसुलट

@मुळामुठा, तो गुंडा लोकरीचा नसणार. आपल्याकडे दुकानात वूल म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. लेबल नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा, मोरीत, शेजारी पाणी ठेवून. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आच काढली की विझते आणि राख चिमटीत चुरते. सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. त्या मण्याला झाडपाला काहीच करू शकत नाही.

मुळामुठा

मणी तयार झाला. निदान आता कळलं तरी. धन्यवाद!

चार_दिवसांआड

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्या शहरात नळ चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतो तिथे शंभर ग्रॅम सूत रंगवायला बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचं? उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या गल्लीत टँकर येतो. दुकानात रंगीत सूत मिळतं. हौस कळते, पण पाण्याचा हिशेब कुणी मांडतच नाही.

सुईवाली

अहो दादा, दुकानातलं रंगीत सूत कोरड्या विहिरीत रंगत नाही. तिथेही पाणी लागतंच, फक्त आपल्या डोळ्यांसमोर नसतं.

चार_दिवसांआड

मान्य. पण तिथे एका वेळी शेकडो किलो निघतं, दर किलोला पाणी कमी पडतं. घरचं गणित महागच.

रसायनी

@चार_दिवसांआड यांचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. म्हणून घरी करताना पाणी जपायची शिस्त हवीच. सुताच्या वजनाच्या वीस ते तीस पट पाणी पुरतं, म्हणजे शंभर ग्रॅमला दोन-तीन लिटर. तुरटीचं पाणी फेकायचं नाही, पुढच्या लडीला निम्मी तुरटी वाढवून तेच वापरायचं. सालीच्या उरलेल्या पाण्यात दुसरी लडी फिकी निघते, ती मुद्दाम फिकी म्हणूनच घ्यावी. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या वेळच्या पहिल्या धुण्याला. आणि चारही लडी एकाच मोठ्या पातेल्यात एकदम केल्या तर पाणीही वाचतं, छटाही बऱ्याच जुळतात.

वनस्पतीरंग

बाळाच्या प्रश्नाकडे येऊया. ताई, निश्चिंत राहा. झाडापासून आलेला रंग बाळाला कधीच अपाय करत नाही. केमिकलच्या रंगापासून मात्र दूर राहा, ते विषच.

रसायनी

@वनस्पतीरंग, मला हे वाक्य इतकं सरसकट मान्य नाही, आणि बाळाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झाडाचा रंग सुतावर बसवायला जे वापरतो त्यावर सगळं अवलंबून आहे. तुरटी चालते, नीट धुतली की झालं. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, अगदी थोडा चालतो. पण मोरचूद आणि बायक्रोमेट हेही नैसर्गिक रंगाच्या पुस्तकी कृतींमध्ये सर्रास दिलेले असतात. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, बायक्रोमेट क्रोमियमचा. ते घरात, त्यातून बाळाच्या कपड्याला, अजिबात आणू नयेत. रंग पळसाच्या फुलाचा असला म्हणून मोरचूद निर्धोक होत नाही.

उलट बाजूही बघा. १८५६ साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं पहिला कृत्रिम रंग काढला. १८६८ मध्ये मंजिष्ठवर्गीय मुळांतला लाल रंग प्रयोगशाळेत बनला, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. १९५६ मध्ये रिॲक्टिव्ह रंग आले, ते सुताशी रासायनिक बंधानंच जोडले जातात. असा रंग नीट बसवून, न चिकटलेला भाग गरम पाण्यानं पूर्ण धुऊन काढला, तर बाळाच्या तोंडात उतरायला काही उरत नाही. कृत्रिम रंगांच्या ॲझो गटातले काही रंग घातक ठरले हे खरं आहे. नव्वदीच्या दशकात आधी जर्मनीनं आणि मग भारतानंही त्यांच्यावर बंदी घातली. टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या सोलापूरच्या कारखानदारांना ते चांगलं ठाऊक आहे. रिॲक्टिव्ह रंगाची कोरडी पूड मात्र हुंगली जाऊ नये, मिसळताना नाक-तोंड बांधावं. धोका पुडीत आहे, धुतलेल्या कपड्यात नाही.

तेव्हा अबोली, तुमच्या साल-तुरटीच्या कृतीत बाळाच्या दृष्टीनं मला काही आक्षेपार्ह दिसत नाही. पण ते झाड आहे म्हणून नाही, तुम्ही वापरलेल्या वस्तू सौम्य आहेत म्हणून.

वनस्पतीरंग

मोरचुदाबद्दल एकदम सहमत, मीही वापरत नाही. पण माझा मूळ ओढा कायम आहे. झेंडूच्या दसऱ्यातल्या माळा, कांद्याच्या साली, कात, मंजिष्ठा, या रंगांना एक खोली असते ती पुडीच्या रंगाला येत नाही. एका पिवळ्यात चार पिवळे दिसतात. मी वीस-बावीस रंग जमवलेत, एकही दुसऱ्याला मारत नाही. कोणताही कोणत्याही शेजारी ठेवा.

रसायनी

ते मात्र शंभर टक्के खरं.

कडकभाकरी

हळद कुणी कशी सुचवली नाही अजून? घरात डबा भरलेलाच असतो.

वनस्पतीरंग

कारण हळद टिकत नाही. उन्हात भराभर उडते आणि साबण लागला की लाल होते, कारण साबण अल्कली. आपल्या सोलापूरच्या उन्हात हळदीचं दुपटं आठवड्यात विटेल. बीटही तसंच, पहिल्याच धुण्याला जातं. रंग किती टिकेल हे बघायचं असेल तर सुताचे दोन-चार धागे पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धा भाग झाका आणि खिडकीत उन्हाला ठेवा. पंधरवड्यानं झाकण काढा. दोन्ही भागांत फरक दिसला नाही तर रंग पक्का.

माणदेशी

मी सांगोल्याकडचा. तुम्ही सगळे सुताबद्दल बोलताय, म्हणून आमच्या लोकरीबद्दल दोन शब्द.

दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी, करडी, तपकिरी. तिला रंग लागतच नाही. आमच्याकडे मेंढ्या कातरल्या की त्या लोकरीचं सूत काढतात आणि खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणली जाते. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं धागा ताठ राहतो आणि मागावर तुटत नाही. खळ लावलेली नवी घोंगडी उभी केली तर उभी राहते. पावसात डोक्यावर घेतली की पाणी आत येत नाही.

आता दुःखाची गोष्ट अशी की ही लोकर जाडीभरडी म्हणून तिला भाव नाही. कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही, म्हणून कितीतरी ठिकाणी ती टाकून देतात. जाणत्या विणणाऱ्यांनी कुणी जाड सुया घेऊन याच्या बसण्या, पायपुसणी, पिशव्या विणायला घेतल्या तर आमच्या धनगरवाड्यांना चार पैसे मिळतील. बाळाला नको, टोचते. पण घराला चालेल.

उलटसुलट

@माणदेशी, मी घेते. हातकताईचा धागा मिळेल का? बारा मिलिमीटरच्या सुया माझ्याकडे पडून आहेत. धुतल्यावर या लोकरीचं कापड घट्ट मिळून येतं, पायपुसण्याला तेच हवं.

माणदेशी

मिळेल ताई. व्यक्तिगत निरोप करतो.

धावता_धोटा

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे. आमचं घर अशोक चौकाच्या बाजूला, तीन पिढ्या मागावर. आजोबा तेलंगणातून आले, हातमागावर लुगडी विणायचे. वडील जॅकार्डवर चादरी. मी सुया कधी धरल्या नाहीत, पण सूत मात्र कळतं.

ताई, तुम्ही २/२० घेतलंत. म्हणजे वीस नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ती संख्या. वीसचे दोन पदर म्हणजे जाडी दहा नंबरची. शंभर ग्रॅममध्ये साधारण सतराशे मीटर भरतं. इतक्या बारीक सुतावर तुम्ही सुया चालवणार नाही, चार-सहा-आठ पदर एकत्र घेऊनच विणाल, बरोबर?

मग पदर एकत्र करतानाच रंग मिसळा! प्रत्येक लडीचे दोन-दोन गुंडे करा, चार लडींचे आठ गुंडे. आठही गुंड्यांतून एकेक पदर एकदम घ्या. प्रत्येक रंगाचे दोन पदर, असा आठपदरी धागा पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकसारखाच राहील. कुठेही पट्टा नाही, कुठेही जोड दिसणार नाही. पिवळा, फिका, खाकी, शेवाळी सगळे एका धाग्यात. चादरीला आम्ही ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा देतो तेव्हा तिसराच रंग उमटतो, तसंच हे होईल. आठ पदरांचा धागा शंभर ग्रॅमला दोनशेदहा मीटरच्या आसपास भरेल.

एक काळजी घ्या. नुसते पदर शेजारी शेजारी घेतले तर सुई मध्येच घुसते, पदर सुटतात. हलका पीळ द्या. चरखा नसेल तर आठ पदरांचा एक गुंडा करा आणि तो बांधून लोंबकळता सोडा, स्वतःभोवती फिरू द्या. किंवा एखाद्या डबलिंगवाल्याला, म्हणजे सुताचे पदर एकत्र पिळून देणाऱ्याला, विचारा. चार किलोला नाही म्हणणार नाहीत, चारशे ग्रॅमला कदाचित हसतील. पण बाळाचं आहे म्हटलं तर करूनही देतील.

उलटसुलट

वा! हे मला सुचायला हवं होतं. माझी दोन-दोन ओळींची रीत मागे, ही पुढे. अबोली, हेच करा.

आठपदरी दोनशे मीटरचा धागा म्हणजे आठ नंबरची सुई, चार मिलिमीटर. आपल्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते हे नव्यांनी लक्षात ठेवा. टोपड्याला दहा नंबर घ्या, म्हणजे काठ घट्ट बसतो. पाऊण मीटर चौरस दुपट्याला साडेतीनशे ग्रॅमपर्यंत लागेल, तुमचं सूत पुरेल, थोडं उरेलही.

सुईवाली

धावता_धोटा यांना नारळ द्या कुणीतरी.

कडकभाकरी

नारळ कशाला, शेंगाचटणी द्या. कडक भाकरी मी आणतो.

चार_दिवसांआड

आणि पुन्हा रंगवायला पाणीही लागणार नाही. हा उपाय मला मान्य.

अबोली_जुळे_सोलापूर

मंडळी, चार दिवस इथे लिहायला जमलं नाही, पण सगळं वाचत होते. डोळे भरून आले.

चहाची परीक्षा केली. नळाच्या पाण्यातला चहा तांबूस, बोअरच्या पाण्यातला काळाशार. रसायनीदादा, तुमचं निदान अचूक. उलटसुलट ताईंनी सांगितलेला तुकडाही विणला, रिठ्याच्या पाण्यात धुतला, ओल्या पांढऱ्या रुमालावर घासला. रुमालाला रंग लागला नाही. उन्हातला पुठ्ठा खिडकीत ठेवलाय.

धावता_धोटा, तुमच्या सांगण्याप्रमाणे आठ गुंडे केले आणि आठपदरी धागा काढून बघितला. त्याचा रंग मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. जवळून चार रंग दिसतात, हातभर लांबून बघितलं तर पिकत आलेल्या ज्वारीच्या शेताचा आहे. मला हेच हवं होतं, फक्त ते असं मिळेल हे माहीत नव्हतं. दुपटं याचंच.

आता नवा प्रश्न. सासूबाई म्हणाल्या, पहिल्या संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण होणार, हलव्याचे दागिने घालणार, तर काळं झबलंही तूच विण. माझ्याकडे अजून दोन कोऱ्या लडी आहेत. सालीच्याच रंगावर काळा चढेल का?

रसायनी

चढेल, आणि तुमच्या बोअरच्या पाण्यानं वाट आधीच दाखवलीय. लडी सालीत दोनदा गडद रंगवा, दुप्पट साली घेऊन. मग शंभर ग्रॅम सुताला दीड-दोन ग्रॅम हिराकस कोमट पाण्यात विरघळवून त्यात सूत पंधरा मिनिटं हलवत ठेवा. डोळ्यांदेखत काळवंडेल. अगदी कोळशासारखा काळा नाही, गडद करडा-काळा येतो. आणखी काळा हवा म्हणून हिराकस वाढवू नका, जास्त लोह सुताला कालांतरानं कुजवतं. त्याऐवजी वाळवून पुन्हा सालीत घाला. शेवटी तीनदा खळखळून धुवा, बाळाचं आहे. ते पातेलं स्वयंपाकाला परत आणायचं नाही. आणि आपले रंगाचे हात लागून पिवळ्या लडींवर डाग पडू देऊ नका. लोहाचा एक थेंब पुरतो.

वनस्पतीरंग

हिराकस नको असेल तर गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवा. कलमकारीतला काळा असाच करतात. वास सहन करायची तयारी ठेवा, गच्चीच्या टोकाला ठेवा.

पेठेतली_आजी

मी फारसं लिहीत नाही, वाचते. तान्ह्या बाळाला एरवी काळं घालू नये म्हणतात, पण संक्रांतीला चालतं, किंबहुना तेव्हा काळंच घालतात. थंडीत काळ्यानं ऊब राहते म्हणून असेल. झबल्याला गुंड्या लावू नकोस गं, पाठीमागे बंद लाव. आणि गळा सैल ठेव, बाळाचं डोकं मोठं असतं.

कडकभाकरी

पण आजी, सोलापुरात संक्रांत म्हणजे गड्ड्याची जत्रा. सिद्धरामेश्वराच्या नंदीध्वजांपुढे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. बाळाला जत्रेला आणलं तर पांढरी बाराबंदी लागणार! एक कोरी लडी तशीच राहू द्या ताई, रंगवूच नका.

पेठेतली_आजी

हे मात्र खरं बोललास. बाराबंदीला बंदच असतात, गुंड्यांचा प्रश्नच नाही. बाळाची बाराबंदी विणून कुणी केलेली मी पाहिली नाही, शिवलेलीच असते. पण होईल की.

उलटसुलट

होईल! दोन पुढचे पाखे एकमेकांवर येतात, म्हणजे बाळाचं पोट झाकलेलं राहतं. अबोली, तुमची एक लडी काळी, एक कोरी. झबलं आणि बाराबंदी, दोन्हींचं माप जवळजवळ एकच. शंभर ग्रॅममध्ये तीन महिन्यांच्या बाळाचं बिनबाह्यांचं सहज होतं. छाती अठरा इंच धरा, सैलपणासकट. बंद सुयांवर विणू नका, लांबतात. आठ पदर घट्ट पिळून, दुमडून दोरी करा आणि शिवून टाका.

कोऱ्या लडीचंही सोड्यात उकळणं चुकवू नका. कोऱ्या सुतावर नैसर्गिक मेण असतं, ते गेलं नाही तर घाम शोषत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच जिरला तर सूत तयार.

अबोली_जुळे_सोलापूर

ठरलं. दुपटं आणि टोपडं चार रंगांचं, संक्रांतीचं झबलं काळं, जत्रेची बाराबंदी कोरी. नणंदेला आज फोनवर सांगितलं, ती म्हणाली गड्ड्याला येतेच मी बाळाला घेऊन.

दुपट्याचे टाके घातलेत, एकशेपन्नास. धावता_धोटा, आमच्या मागच्या गल्लीत एक डबलिंगवाले निघाले. चारशे ग्रॅम म्हटल्यावर हसले नाहीत, आधी रंग कशाचा ते विचारलं आणि मग सूत ठेवून जा म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

@पेठेतली_आजी, टोपड्याला कान झाकणाऱ्या पट्ट्या ठेवू की नुसतं गोल?

पेठेतली_आजी

पट्ट्या ठेव. पुण्यात मार्गशीर्षात गारठा असतो. आणि हनुवटीखाली बांधायचा बंद एका बाजूनं लांब ठेव, म्हणजे गाठ गळ्यावर न येता कानाखाली येते.